केकचं वजन ओळखा

काल दुपारपर्यंत इथं मेंढ्या होत्या.
लेंड्या अजून गवतात आहेत, आणि फाटकावरची मुलगी
मनगटाला कागदी पट्टी चिकटवताना बजावते,
"बघून पाय टाका हं."
मोठ्यांना आठ पौंड. बारा वर्षांखालच्यांना फुकट,
कुत्र्यांनाही.
जमतील ते पैसे टेलफर्डच्या त्या वॉर्डाला
जिथं बाळं वेळेआधी येतात.

लडलोच्या पुढे, कॉर्व्हकाठचं शेत.
स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, चाकांखाली विटा.
ड्रमवर गावातले दातांचे डॉक्टर,
बासरीवर निवृत्त पोस्टमन,
त्यांना दुसऱ्या कडव्यात दम पुरत नाही
तेव्हा लोक टाळ्या वाजवून
तेवढी जागा भरून काढतात.

अद्वयच्या कानांवर बेडकाच्या डोळ्यांसारखे
हिरवे हेडफोन, आवाज अडवणारे.
सहा वर्षांचा. स्पीकरच्या पुढ्यात
कुणाच्या तरी आजोबांबरोबर गुडघे वाकवून नाचतोय.
सुहृद चिप्सच्या रांगेत,
मी केकच्या टेबलाशी.

वजन ओळखा, केक घरी न्या. एक डाव पन्नास पेन्स.
"उचलून बघ की, लाजतेस काय," मिसेस प्रॉसर म्हणतात.
मी दोन्ही हात खाली घालते
आणि डावा तळवा आपणहून
वाटीसारखा होतो, मान सावरायला.
केकला मान नसते.
मिसेस प्रॉसर काही बोलत नाहीत, पेन्सिल पुढे करतात.
मी लिहिते: नऊशे ऐंशी ग्रॅम.

दुसरं माप मला येतच नाही.
पिठाची पिशवी, शेजारणीचं मांजर, विमानतळावरची बॅग,
सगळं त्यानंच तोलते.
याचा दीड अद्वय, याचे चार,
याचे चोवीस आणि वर दंड.

मग ट्रॉलीवर एक बाई चढते.
पिवळे गमबूट, छातीशी अ‍ॅकॉर्डियन.
तिचं नाव वाऱ्यात अर्धंच पोचतं.
ती लगेच गात नाही,
आधी नुसती गुणगुणते, सूर चाचपत,
आणि माझी पेन्सिल थांबते.

हे मी ऐकलंय. तेव्हा शब्द नव्हते.
पहाटेचे तीन, काचेची पेटी, निळा उजेड,
मधेच ताल सोडणारं ते यंत्र;
आणि त्यानं सोडला की गुणगुणणं न थांबवता
गोल खिडकीतून आत जाणारा एक हात,
तळपायाला हलकी टिचकी:
"चल रे, श्वास घ्यायचा विसरलास."
त्रेचाळीस रात्री.
मास्क होता, त्यामुळे चेहरा मला माहीतच नाही.

गाणं एका खलाशाचं निघालं, आणि चांगलंच चावट.
ध्रुवपदाला अख्खं शेत बोंबलतंय.
सहा वर्षं मी ती अंगाई समजत होते.
रोज रात्री हीच चाल म्हणत
मी पोराला झोपवलंय.

नंतर ती चहाच्या तंबूत, माझ्या पुढेच रांगेत.
केवढं तरी बोलायचं होतं.
मी म्हणाले, "छान गायलात."
"मुलं होती ना, दोन कडवी गाळली," ती म्हणाली,
आणि दुधाचा जग माझ्याकडे सरकवला.
एवढ्यात अद्वय धापा टाकत येऊन माझ्या पायांना भिडला.
तिनं त्याचा एक हेडफोन वर उचलला,
"सावकाश. श्वास घे आधी,"
आणि कप घेऊन गेली.
हजारांना म्हणाली असेल.

केक मिळाला चपला दुरुस्त करणाऱ्याला.
दोन किलो एकशे चाळीस.
"तू किती लिहिलंस?" सुहृद विचारतो.
मी गार चिप्स खाते.

अंधार पडता पडता गाडीकडे निघालो.
झोपलेला अद्वय माझ्या खांद्यावर,
त्याचे बूट माझ्या मांड्यांवर आपटतायत,
लेंड्या चुकवाव्यात तर पायाखालचं दिसत नाही.
"दे इकडे," सुहृद म्हणतो, "जड झालाय."
थांब, म्हटलं. फाटकापर्यंत.